चौथी आकृती

तिसरीत मला विज्ञानाचं पुस्तक मिळालं ते पेठेत राहणाऱ्या मावसभावाचं. त्यानं त्यातली झाडून सगळी चित्रं कात्रीनं कापून चिकटवहीत लावली होती. पानोपानी चौकोनी भोकं. भोकातून पुढच्या पानावरचा मजकूर डोकवायचा, आणि चित्रामागचा मजकूर गेला तो गेलाच. मी कुरकुरले तर आई म्हणाली, "शिकायचंय का चित्रं बघायचीत?"

धडा मी तुकड्यातुकड्यांनी लावायला शिकले. ठळक मथळा, चित्राखालची ओळ, शेवटचे शब्दार्थ, एवढ्यावर भोकात काय असेल ते ताडायचं. हा माझा एकटीचा खेळ होता आणि मला तो आवडायचा. पण एक दिवस बाईंनी फर्मान काढलं, की उद्या प्रत्येकीनं एकेक आकृती फळ्यावर काढून समजावून सांगायची. माझ्या वाट्याला चौथी आली.

चौथीच्या जागी अर्थातच भोक. खाली एवढंच: 'ओढ्याकाठची विहीर. बाण पाण्याची दिशा दाखवतात.' बाण ओढ्याकडून विहिरीकडे, की उलटे? शेजारणीचं पुस्तक मागितलं असतं तर मिनिटाचं काम. पण मग माझं पुस्तक असलं आहे हे वर्गभर झालं असतं, आणि त्याची मला फार लाज वाटायची.

हडपसरला तेव्हा आमचा मळा होता. मळ्यात विहीर, पलीकडे ओढा. संध्याकाळी मी विहिरीच्या काठावर पालथी पडून आत बघत राहिले. पाणी कुठून येतं ते काही दिसेना. शेवटी चुलत्यांना विचारलं. ते म्हणाले, "वढा भरला की त्याचं पाणी हिच्यात मुरतंय. पाऊस सरला, वढा उतरला, की हिकडचं झिरपून तिकडं जातंय. दिवाळीपातुर वढा वाहतोय, तो कशावर हाय मग?"

मी फळ्यावर दोन्हीकडे बाण काढले. बाईंनी आपल्या पुस्तकात पाहिलं, मग फळ्याकडे.

"पुस्तकात बाण एकाच बाजूला आहेत, विहिरीकडे. तुझं पुस्तक आण."

मी पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी पान उघडलं तर भोकातून त्यांचं बोट आरपार दिसलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी मान खाली घालून चुलत्यांचं म्हणणं कसंबसं सांगितलं.

"म्हणजे पुस्तकवाल्यांनी विहीर पावसाळ्यातच पाहिली म्हणायची," बाई म्हणाल्या. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि वर्गाकडे वळल्या. "उद्यापासून धडा वाचताना आधी चित्रावर हात ठेवायचा. खालची ओळ वाचायची आणि आत काय असेल ते सांगायचं. मग हात काढायचा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींनी आपापल्या चित्रांवर पंजे ठेवले. मला काही झाकावं लागलं नाही.