खोली नसलेली खिडकी

बुकित बातोकमधल्या आमच्या ऑफिसात परदेशातल्या जुन्या इमारतींचे नकाशे तयार होतात. तिकडचा सर्वेक्षक लेझर स्कॅनरने इमारत मोजून कोट्यवधी ठिपक्यांची फाइल पाठवतो आणि आम्ही त्यावरून भिंती, दारं, जिने काढतो. गेल्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एका शहरातली हवेली आली. मालक तिचं हॉटेल करणार होता.

घर दोनशे वर्षांहून जुनं. साखरेच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं, पुढे त्यात बँक आली, मग सरकारी कचेरी. ती साखर गुलामांच्या मळ्यांतून यायची, हे मालकाच्या माहितीपत्रकात नव्हतं. मी शोधून वाचलं. दर्शनी भिंत गुळगुळीत घासलेल्या दगडाची, मधोमध चार खांब, वर त्रिकोणी माथा. मागची भिंत ओबडधोबड, कारण तिकडे कोण बघणार. मी त्या घरात पार गुंतलो होतो.

पहिल्या मजल्यावर बाहेरून सात खिडक्या मोजल्या. आतून सहाच. उजव्या टोकाच्या खिडकीमागे एकही ठिपका नव्हता. मोजणी वयाच्या साठीतल्या एका बाईंनी केली होती, त्या एकट्याच काम करत. ‘एक खोली मोजायची राहिली आहे,’ असं मी शुक्रवारी मालकाच्या आर्किटेक्टला कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं: बाईंना परत जायला सांगितलं आहे, आणि मागच्या तबेल्याच्या मोजणीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आहे.

रविवारी यिशुनमधल्या माझ्या घरी लॅपटॉप उघडला, कारण ती खोली कशी असेल हे जाणून घेतल्याशिवाय मला राहवेना. बाकीच्या खिडक्यांत लेझर काचेतून आत जाऊन छतावर उमटला होता. इथे सगळे ठिपके काचेशीच थांबलेले. बरोबर वर, छपरावर, धुराड्यांचा जुडगा.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. “बाबा, तिथे रूमच नाहीये. डावीकडे विंडो आहे म्हणून उजवीकडे पण. जस्ट फॉर शो, लाह,” ती इथल्या मुलांच्या ढबीत म्हणाली.

आमच्या फ्लॅटमध्ये खिडकी नसलेली खोली आहे, इथल्या नव्या घरांना सक्तीची असलेली बॉम्ब शेल्टरची. त्यात आम्ही तांदूळ आणि सुटकेसेस ठेवतो. खोली नसलेली खिडकी मी कधी पाहिली नव्हती. मग फोल्डरमध्ये बाईंनी हातानं काढलेल्या आकृत्या सापडल्या. ठिपके असताना त्या आमच्याकडे कुणी उघडत नाही. त्या खिडकीवर फुली होती आणि बाजूला बारीक अक्षरात: ‘नुसती दिसायला. काचेला मागून काळा रंग, त्यामागे खालच्या शेकोट्यांची धुराडी.’

कबूल करतो, मला आधी आनंदच झाला. कोडं सुटलं होतं. शुक्रवारची मेल त्यानंतर आठवली.

सोमवारी मीटिंगमध्ये आमचे साहेब, मूळचे दादरचे, म्हणाले, “बरं पकडलंस. तिकडच्या लोकांना चहाला जायची घाई.” सगळे हसले. मीही हसलो.

बुधवारी मी साहेबांना खरं काय ते सांगितलं.

“मग सोमवारी तोंडात काय धरलं होतंस?” ते म्हणाले.

त्यांच्यासमोरच मी आर्किटेक्टला लिहिलं, की चूक बाईंची नाही, माझी आहे; त्यांची आकृती मी न पाहता तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तबेल्याचं काम बाईंना परत मिळालं आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“तुम्ही स्वतःहून लिहिलंत, बरं वाटलं,” त्या म्हणाल्या. “इतक्या लांबून धुराडी कशी ओळखलीत?”

मी काचेवरच्या ठिपक्यांचं, मुलीच्या बोलण्याचं आणि त्यांच्याच टिपणाचं सांगितलं. त्यांना ते आवडलं. असल्या खिडकीत कुणी अर्धा ओढलेला पडदाही रंगवून ठेवतं, असं त्या सांगू लागल्या. मी ऐकत होतो. तो फोन संपूच नये असं वाटत होतं.

“हे केव्हा लक्षात आलं तुमच्या?”

‘बुधवारी’ असं म्हटलं असतं तर त्यांना खरं कधीच कळलं नसतं.

“रविवारी,” मी म्हणालो.

“मी मंगळवारी गेले होते. पहाटेच्या गाडीनं. धुराडं साफ करायच्या झडपेतून भिंतीत हात घालून पुन्हा सगळं मोजलं.”

“हो. मी सोमवारीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

“हो, चुकलं,” त्या म्हणाल्या. मग तबेल्याची मोजणी कधी सुरू करणार ती तारीख त्यांनी सांगितली, मी लिहून घेतली, आणि त्यांनी फोन ठेवला.