इस्त्रीवाल्याची प्रार्थना

मिशनच्या दवाखान्यात सगळे त्यांना इस्त्रीवाले काका म्हणत. तिथल्या मेडिकल कॉलेजचे पांढरे कोट त्यांच्याच हाताखालून जात. पुढे नामांकित झालेल्या कितीतरी डॉक्टरांच्या कॉलरीचा मळ काकांना तोंडपाठ होता.

त्यांची थोरली मुलगी याच कॉलेजात शिकली. दरवर्षी एका कामगाराच्या मुलाला फुकट जागा द्यायची, ही मिशनची जुनी रीत. तिच्या कोटावर काका दोनदा इस्त्री फिरवत. कोणी हसलं तर खुशाल हसू देत. साथ आली तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. मोठ्या घरची मुलं आपापल्या घरी पांगली. ही वॉर्डात राहिली आणि वॉर्डातच गेली.

साथ सरली आणि मिशनला शहाणपण सुचलं. आता डॉक्टर बाहुल्यांवर शिकणार, म्हणजे कोणाच्या जिवाला धोका नको. श्वास घेणाऱ्या, घाम फुटणाऱ्या रबरी बाहुल्या आल्या, त्यांच्या दालनाला थोरलीचं नाव दिलं. बाहुल्या महाग पडल्या म्हणून कामगारांची जागा मात्र बंद झाली. नेमकी त्याच वर्षी धाकटी प्रवेश परीक्षा पास झाली होती.

"एक दिली तेवढी पुरे," तिची आई म्हणाली.

"तिला व्हायचंय ना डॉक्टर," काका म्हणाले, आणि प्राचार्यांच्या ऑफिसचे उंबरे झिजवू लागले. प्राचार्य पाद्रीही होते. चहा पाजायचे, थोरलीला हुतात्मा म्हणायचे, चष्मा काढून डोळे पुसायचे आणि जागेचं घोंगडं भिजत ठेवायचे. इतकं गोड नाही म्हणणारा माणूस काकांनी जन्मात पाहिला नव्हता.

दालनाचं उद्घाटन ठरलं. अशा वेळी प्रार्थना सगळ्यात जुन्या कामगाराने करायची, आणि चालू प्रार्थना कोणी तोडायची नाही, असा तिथला शिरस्ता. काका पुढे झाले. पाहुण्यांनी माना खाली घातल्या.

"परमेश्वरा बापा, माझी थोरली इथे माणसांची सेवा करताना गेली. तिचं नाव दारावर लागलं, तुझे आभार. पण त्याच दारातून धाकटीला आत घेत नाहीत. आमच्या पोरी मरायला चालतात, शिकायला चालत नाहीत. हे तुझं म्हणणं की यांचं, तेवढं सांग. आमेन."

"आमेन," सगळे सवयीने म्हणाले. प्राचार्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

फीत कापून झाल्यावर त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "फार मनापासून केलीत प्रार्थना. देव नक्की ऐकेल."

"देवाला रोजच सांगतो, साहेब. आज तुम्हाला ऐकवत होतो."

प्राचार्य हसले, "चहा घेऊन जा हं," म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले.

धाकटी खुर्च्यांच्या मागे उभी होती. प्रार्थना तिने ऐकली होती, पुढचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं; तिला अजून आशा होती. "बाबा, काय म्हणाले सर?"

"देवावर सोपवलंय म्हणाले."