अप्पांच्या घरातले दिवे, माझ्या फोनवर

काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. गॅस बंद केलाय का हे बघायला मी बसस्टँडवरून घरी परत आलेली आहे, आणि कुलूप चार वेळा ओढून बघितल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. तेव्हा आई गेल्यावर अप्पा गावाकडे, दुबलगुंडीच्या घरात एकटे राहायला लागले, त्यानंतर माझं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. मी बीदरला राहते आणि तिथून जवळच, कोळारला एका औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. आत जाताना फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. तो परत हातात येईपर्यंत मी तिथे नुसती शरीराने असते.

त्यात अप्पांना कमी ऐकू येतं. सकाळ-संध्याकाळ मी फोन करायचे. फोन कधी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात वाजत राही, कधी म्हशीच्या गोठ्यात. दहादा वाजून बंद व्हायचा. मग शेजारच्या अक्कांना फोन. त्या अप्पांना अण्णा म्हणतात; भिंतीवरून डोकावून सांगायच्या, "हायेत की अण्णा, चहा प्यायलेत." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडायचा.

मागच्या पावसाळ्यात अप्पा पहाटे परसातल्या न्हाणीकडे जाताना अंधारात पडले. बटण होतं न्हाणीच्या दाराला, म्हणजे उजेड करायचा तर आधी अंधारातून चालत तिथवर जायचं. हाताला मुका मार लागला, कपाळ सुजलं. बीदरला चला म्हटलं तर म्हणाले, "म्हशीला घेऊन येऊ का तुझ्या दुसऱ्या मजल्यावर?" त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं लावणं. शेवटी मी त्यांना न विचारता फोनवरून चालणारी बटणं विकत आणली आणि हुमनाबादच्या एका वायरमनला घेऊन रविवारी दारात उभी राहिले.

"कामून येवढं करायलीस अव्वा?" अप्पा म्हणाले. मला ते लहानपणापासून अव्वाच म्हणतात, आईला म्हणावं तसं. "मी काय मरायलो का?"

"तसलं बोलू नका," मी खेकसले.

वायरमनने बोर्ड उघडला आणि मान हलवली. जुन्या वायरिंगमध्ये बटणापर्यंत एकच तार आलेली, या बटणांना दोन लागतात. म्हणजे नवी तार ओढायला भिंत खोदणं आलं. मी म्हटलं, खोदा. भिंतीचा चुना उडून अप्पांच्या टोपीवर पडत होता आणि ते खाटेवर बसून तोंडाने 'च् च्' करत होते. ती भिंत आईने सारवलेली, नंतर तिनेच रंगवून घेतलेली. मला ते कळत होतं, तरी मी थांबले नाही. मला तेव्हा फक्त न्हाणीची वाट दिसत होती.

संध्याकाळपर्यंत तीन दिवे झाले: परसातला, मधल्या खोलीतला आणि पडवीतला. वायफायचा डबा आणि हे तिन्ही दिवे छोट्या इन्व्हर्टरवर बसवले, कारण आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. परसातल्या दिव्याचं बटण आता खाटेजवळही आलं. कुणीही भिंतीवरचं बटण दाबलं की माझ्या फोनवर दिसणार, आणि मी बीदरहून दाबलं की दुबलगुंडीत दिवा लागणार.

एकाच गोष्टीला अप्पांनी साफ नकार दिला. पडवीतला दिवा रोज संध्याकाळी आपोआप लागेल, अशी वेळ लावून ठेवणार होते मी.

"न्हाई म्हंजे न्हाई," ते म्हणाले. "दिवेलागणीचा दिवा माणसानं लावायचा असतो. आपोआप लागायला ते काय रस्त्यावरचा खांब हाय का?"

आमच्या घरात बटण दाबलं की दिव्याला हात जोडतात. बल्ब असो की ट्यूब. आई जोडायची, अप्पा जोडतात, माझाही हात अजून छातीपाशी जातो. मी वाद घातला नाही. उलट मला ते बरंच वाटलं. दिवा आपोआप लागणार नाही म्हणजे तो लागला की समजायचं, अप्पा उठून पडवीत आलेत, बटणावर बोट ठेवलंय, हात जोडलेत. सगळं ठीक आहे.

त्यानंतर मला दिव्यांचं वेडच लागलं. पहाटे परसातला लागला की अप्पा उठले. मग मधल्या खोलीतला. संध्याकाळी पडवीतला. कारखान्यात चहाची सुट्टी झाली की बाकीच्या जणी चहाकडे पळायच्या आणि मी फोनच्या कपाटाकडे. लाइट गेली आणि इन्व्हर्टरही दमला की पडद्यावर 'ऑफलाइन' असं यायचं. ते गेलं का हे मी दर मिनिटाला उघडून बघायचे. नवरा चिडवायचा, "सासरेबुवांच्या घरातले दिवे बघून झाले असतील तर आपल्याही घरातला एखादा लाव." मी हसायचे, पण डोळे फोनवरच असायचे.

अप्पांशी बोलायचं असलं की मी मधल्या खोलीतला किंवा पडवीतला दिवा दोन-तीनदा चालू-बंद करायचे. मग ते स्वतःच फोन करायचे. "काय अव्वा, डोळे मारायलीस काय?" त्यांना त्याची गंमत वाटायची. सकाळ-संध्याकाळचा माझा फोन मात्र हळूहळू सुटला. दिवा लागलेला दिसायचा, मग काम भागायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात एका आठवड्यात पहाटेचा दिवा लागेना. पहिल्या दिवशी मी फोन लावायला घेतला, पण तो वाजून वाजून बंद झाला तर, या धास्तीने ठेवून दिला. नवरा म्हणाला, "आता लवकर उजाडतं, दिवा कशाला लावतील?" पटण्यासारखं होतं, पण पटलं नाही. दिवसभर कारखान्यात माझं लक्ष नव्हतं. एक नमुना दोनदा तपासावा लागला. संध्याकाळी बाहेर येऊन फोन उघडला, तर पडवीतला दिवा लागलेला. मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. पहाट कोरडी, दिवसभर जीव टांगणीला, आणि दिवेलागणीला पडवीत उजेड. तिसऱ्या दिवशी तर मी स्वतःलाच दटावलं की आता पुरे, म्हातारा माणूस उन्हाळ्यात उजेडात उठतो, त्यात एवढं काय आहे.

तो शनिवार होता. संध्याकाळी पडवीतला दिवा लागला. दुसऱ्या दिवशी दुबलगुंडीला जायचा विचार होता, म्हणून मी नेहमीसारखा तो चालू-बंद केला. एकदा, दोनदा, तीनदा. फोन वाजला. पण तो अप्पांचा नव्हता, शेजारच्या अक्कांचा होता.

"अगं बाई, तुमच्या पडवीतला दिवा आपोआप चालू-बंद व्हायलाय! मला लई भ्या वाटायलंय. मी हितं एकटीच हाय."

"अक्का, मीच करतेय ते. अप्पांना फोन करायला सांगा."

अक्कांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्या म्हणाल्या, "अण्णा कुठं हायेत हितं?"

मी फोन कानावरून काढून पडद्यावर बघितलं. "कुठं हायेत म्हणजे? दिवा लागलाय की!"

"दिवा मी लावायलेय. घर बंद हाय न्हवं का. दिवेलागणीला बंद घर अंधारात ठेवायचं न्हाई. म्हणून किल्ली घेऊन रोज येते, दिवा लावते, हात जोडते आन् सकाळी येऊन बंद करते."

त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. गावाला गेलेल्या माणसाच्या घरात शेजारणीने संध्याकाळी दिवा लावावा, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. आम्ही बाहेरगावी जायचो तेव्हा आमच्याकडेही त्याच लावायच्या. हे मला ठाऊक होतं. तीन दिवस फोनकडे बघताना मला ते एकदाही आठवलं नाही.

"अप्पा कुठे आहेत, अक्का?" मी ओरडलेच.

"छातीत दुखायलं म्हणून आमच्या मालकांनी नेलंय बीदरच्या सरकारी दवाखान्यात. तुला सांगू नको म्हणाले, पोरगी घाबरट हाय म्हणाले. मला वाटलं, बीदरातच हायेत, तर एव्हाना कळलं आसंल तुला."

बीदरच्या. मी राहते त्या बीदरच्या. नवऱ्याने गाडी काढली. दवाखान्याच्या रस्त्यावरूनच मी रोज कारखान्याला जाते, आणि तीन दिवस मी त्या दवाखान्यासमोरून गेले होते, फोनमधला पडवीचा दिवा बघत. मला अप्पांचा संताप आला, अक्कांचा आला, त्यांच्या मालकांचाही आला. सबंध वाट मी बडबडत होते आणि आतून देवाला हात जोडत होते की फक्त असू देत, मग काय बोलायचं ते बोलेन.

अप्पा होते. कोपऱ्यातल्या खाटेवर उताणे झोपलेले, मनगटाला सुई, गालफडं बसलेली. शेजारी स्टुलावर अक्कांचे मालक पेंगत होते. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, आणि ते ऐकल्यावर माझ्या तोंडाला जोर आला. मी अख्ख्या वॉर्डात ऐकू जाईल एवढ्या आवाजात अप्पांवर ओरडले. याच गावात लेक राहते आणि तुम्ही इथे परक्यासारखे पडून राहता? मला कळवावंसं वाटलं नाही? आजूबाजूचे पेशंट उठून बसले. अप्पांनी सगळं निमूट ऐकून घेतलं. त्यांना किती ऐकू आलं कुणास ठाऊक.

मग माझं लक्ष गेलं. त्यांचा फोन त्यांच्या छातीवर होता, सदऱ्याच्या आत, आणि त्यावर त्यांनी हात ठेवलेला होता.

"हा इथे कशाला?" मी म्हटलं. "दुखतंय तिथेच ठेवलाय."

"ऐकू येत न्हाई न्हवं का," अप्पा म्हणाले. "हितं ठेवला की थरथरतो, कळतं. आपणहून सांगितलं तर तू घाबरतीस. म्हटलं, पहाटंचा दिवा दिसला न्हाई की पयल्यावानी सकाळ-संध्याकाळ तुझा फोन येईल की. आला की सांगू."