शेजारच्या सीटचा ब्रेक

समजा, तुम्ही गाडीत पुढे बसला आहात. गाडी चालू आहे, पण स्टिअरिंग तुमच्या हातात नाही. गिअर, क्लच, ॲक्सिलरेटर, सगळं शेजारच्या माणसाकडे आहे आणि त्या माणसानं गाडी शिकायला परवाच सुरुवात केली आहे. समोरून ट्रक येतोय. शेजारचा माणूस ट्रककडे न बघता गिअरच्या दांड्याकडे बघतोय. तुमच्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे, खास तुमच्यासाठी बसवलेला. तो कधी दाबाल? लवकर दाबलात तर तो माणूस जन्मात शिकणार नाही. उशिरा दाबलात तर शिकायला तो उरणार नाही, आणि शिकवायला तुम्ही.

माझी मावशी रोज हे काम करते. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिक्षिका आहे. बुटकी आहे, म्हणून पाठीमागे एक उशी घेऊन बसते. तिचे विद्यार्थी तिला मौनीमावशी म्हणतात, कारण बाकीचे शिक्षक जिथे "अहो क्लच! क्लच!! कुठे बघताय?" असं ओरडतात, तिथे मावशी फक्त म्हणते, "बंद पडली. पडू दे. पुन्हा सुरू करा."

पण ही मावशी नवी आहे. जुनी मावशी मी लहानपणापासून पाहिली आहे. ती संध्याकाळी घसा बसवून घरी यायची, आणि तिचं डोकं इतकं चढलेलं असायचं की काका मुकाट्यानं टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे.

बदल घडवला एका विद्यार्थिनीनं. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या त्या. साठी उलटल्यावर गाडी शिकायला आल्या. एकदा भर चौकात सिग्नल हिरवा झाला आणि त्यांची गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. मावशीच्या कपाळावर घाम, आणि बाई मात्र निवांत चावी फिरवतायत.

"तुम्हाला राग नाही आला?" चौक ओलांडल्यावर मावशीनं विचारलं.

"आला की. पण हॉर्न त्यांच्या हातात आहे, क्लच माझ्या पायाखाली. मी माझ्या क्लचचं बघते."

मग पुढचा तासभर शिकवणी उलटी चालली. बाई म्हणाल्या, दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये स्टोइक नावाचे विचारवंत होते. त्यांच्यात एक गुलाम होता आणि एक सम्राटही. दोघांचं सांगणं मात्र एकच होतं. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपला विचार आणि आपली कृती आपल्या हातात. बाकी जग त्याच्या चालीनं चालतं.

मावशीनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढंच ना?"

"जवळपास," बाई हसल्या. "फक्त यातलं हातचं कोणतं, हे ओळखण्यात माणसाचं आयुष्य जातं. आता सांगा, इथे डावीकडे वळू की उजवीकडे?"

मावशीला हे तत्त्वज्ञान पायात घालायच्या चपलेसारखं बसलं. विद्यार्थ्याच्या वडिलांनी फोनवर आरडाओरडा केला, की ती फोन कानापासून थोडा लांब धरून आधी स्वतःचा श्वास जागेवर आणायची आणि मग उत्तर द्यायची. रोज संध्याकाळी गाडी धुताना स्वतःशीच पुटपुटायची, आज कुठे चुकलं, कुठे बरं जमलं, उद्या काय वेगळं करायचं. काका सांगतात, आधी त्यांना वाटलं हिला काहीतरी झालंय. मग रात्रीच्या जेवणाला गप्पा सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी शंका काढणं सोडलं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि माझी आई गाडी शिकायला आली.

आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स. रात्रपाळ्यांनी तिचे गुडघे गेले होते, आणि कधीपासून तिच्या मनात एकच होतं, फिरती नर्स व्हायचं. घरोघरी जायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना त्यांच्याच खोलीत बघायचं. जागा निघाली, निवडही झाली. गाडी ऑफिस देणार होतं, पण लायसन्स हवंच. आणि आई दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झाली, तर पुन्हा परीक्षेला बसायला सहा महिने थांबावं लागणार होतं, आणि तोवर जागा दुसऱ्या कोणाची झाली असती.

दोन्ही वेळा आई नापास झाली ती मावशीमुळे.

आमच्याकडे परीक्षेत शिक्षक पुढे शेजारीच बसतो आणि परीक्षक मागे. शिक्षकानं आपला ब्रेक दाबला की बझर वाजतो, म्हणजे मागच्या परीक्षकाला कळतं. बझर वाजला की परीक्षा संपली. स्कूलच्या गाडीतला बझर मीच बसवला आहे. सर्किट बनवणं हा माझा धंदा. सोपं काम आहे, पेडलखाली एक स्विच, दोन वायरी आणि रिक्षाच्या हॉर्नलाही लाजवेल असा आवाज. परक्या विद्यार्थ्यांबरोबर तो महिनोन्महिने वाजायचा नाही. आई बसली की दर कोपऱ्यावर.

सरावाला एकदा मी मागे बसले होते.

पीं.

"आता काय झालं?" आईनं विचारलं.

"सायकल होती."

"दिसली होती मला. मी पण त्या सायकलवाल्याला दिसले होते. आमची नजरानजर झाली होती, तेवढ्यात तू मध्ये कडमडलीस."

पुढच्या वळणावर पुन्हा पीं.

"आता गं?"

"काही नाही, पाय घसरला."

"छोटे, परीक्षा माझी आहे की तुझी?"

मावशीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ताई, तू दुसऱ्या शिक्षकाकडे जा. मी सांगते त्यांना."

"आख्ख्या गावाला तू शिकवणार आणि सख्ख्या बहिणीला दुसरीकडे पाठवणार? लोक काय म्हणतील ते सोड, मी काय म्हणेन याचा विचार कर. मी तुझ्याच शेजारी बसून पास होणार."

त्या संध्याकाळी मावशी गाडी धूत होती आणि मी पाइप धरून उभी होते. शिक्षकाच्या गाडीत आणखी एक छोटा आरसा असतो. तो रस्ता बघायला नसतो, विद्यार्थ्याचे डोळे बघायला असतो. विद्यार्थ्याची नजर धोक्याकडे गेली असेल तर शिक्षकानं ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नसतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या उंचीप्रमाणे मावशी तो आरसा आधी वळवून घेते. फडका घेऊन ती त्या आरशाशी आली आणि थबकली.

"तू जरा स्टिअरिंगवर बस," ती मला म्हणाली. मी आईच्याच उंचीची आहे. मावशी शेजारी बसून आरशात बघू लागली. "काय दिसतंय माहितीये? तुझे केस. नुसते केस. हा आरसा अजून त्या उंच पोराच्या मापाचा आहे, रोज ताईच्या आधी येणाऱ्या." ती कपाळावर हात मारून हसायला लागली. "इतके दिवस मी ताईचे पांढरे केस बघून ब्रेक मारत होते!"

मग हसू ओसरलं. "मी विसरले नव्हते गं. मला गरजच वाटली नाही. ताई धांदरट, ताईला दिसणार नाही, हे माझं आधीच ठरलेलं. ठरलेलंच असल्यावर तिला दिसतंय का हे कोण कशाला बघेल?"

मला वाटतं, त्या दिवशी मावशीला तिचं 'हातचं' सापडलं. तिला वाटायचं, तिच्या हातात ब्रेक आहे. खरं म्हणजे तिच्या हातात होतं ते बहिणीबद्दलचं मत. ते लहानपणापासून तसंच पडून होतं आणि कोणी त्याला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरसा वळला. बझर हळूहळू कमी झाला, मग बंद झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र मावशी गाडी बाजूला घ्यायला लावून अचानक म्हणाली, "ताई नापास झाली. जागा गेली. ताई परत वॉर्डात, परत रात्रपाळी. ताई माझ्याशी बोलेनाशी झाली."

"काय अभद्र बोलतेस माझ्या तोंडावर!"

"याचाही सराव करावा, असं ते स्टोइक म्हणतात. वाईटात वाईट काय होईल ते आधी डोळे उघडून बघायचं. मग ते आलंच तर निदान तोंडओळख असते."

आई म्हणाली, "बरं. बाकीचं राहू दे, पण शेवटचं खोड. तुझ्याशी बोलणं सोडलं तर टोमणे कोणाला मारू?"

परीक्षेच्या सकाळी मी कार्यालयाच्या आवारात बाकावर बसून होते. पुढचं मला दोघींकडून मिळून कळलं.

परीक्षक मागे बसले. गाडी रस्त्याला लागली. चौक झाला, चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करणं झालं, गोल वळण झालं. मग गाडी पूर्वेला वळली आणि ऊन सरळ डोळ्यांवर आलं. आईनं सिग्नलला थांबून पर्समधून काळा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

मावशीनं छोट्या आरशात पाहिलं. दोन काळ्या काचा. डोळे गायब.

चष्मा काढ म्हणायची सोय नाही, परीक्षेत बोलायचं नसतं. आणि नेमकं पुढे एका गोदामाच्या फाटकातून एक व्हॅन मागे मागे येऊ लागली. व्हॅनवाल्याचं लक्ष नव्हतं. मावशीला ती दिसली. आईला दिसली का? काळ्या काचा काही सांगेनात. मावशीनं मनाशी हद्द ठरवली. रस्त्याकडेला दिव्याचा एक खांब होता. खांबापर्यंत ताईचा रस्ता, खांबापलीकडे माझा ब्रेक. खांब जवळ येत होता. तिचा पाय पेडलच्या वर होता. धांदरट, दिसणार नाही, दाब, असं सगळं जुनं ओळखीचं मनात एकदम उसळून आलं, आणि पाय खाली गेला नाही.

खांबाच्या अलीकडे गाडी अलगद थांबली. आईनं थांबवली होती. व्हॅनवाल्यानं दचकून हात वर केला. आईनं बोटानं खूण केली, जा बाबा, आधी तूच जा.

"पुढे चला," मागून परीक्षक म्हणाले.

आवारात गाडी शिरली तेव्हा मी बाकावरून उठले होते. परीक्षक उतरले, कागदावर सही केली, "पास," म्हणाले, आणि मग खिडकीतून वाकून मावशीला विचारलं, "बाई, तुम्ही आज गाडीत होतात ना? मला आवाजच आला नाही."

आईनं गाडीतून उतरून जी आरोळी ठोकली, ती ऐकून रांगेतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. कोणाचं काय झालंय हे त्यांना माहीतही नव्हतं. मावशी उशी पोटाशी धरून ढसाढसा रडत होती.

"अगं छोटे, तुझं ते तत्त्वज्ञान कुठे गेलं?"

"धुवायला टाकलंय," मावशी नाक पुसत म्हणाली.

आई आता फिरती नर्स आहे. टेकडीवरच्या वस्तीपर्यंत एकटी जाते. कच्च्या रस्त्यावर गाडी घालते, अरुंद बोळातून एका दमात मागे काढते. तिथल्या एका आजोबांना तिच्या गाडीचा आवाज ओळखू येतो म्हणे. ती दारात पोचायच्या आत ते उशीला टेकून बसलेले असतात. आई हे सांगते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहावंसं वाटतं. मावशीकडेही आता नवे विद्यार्थी नाव ऐकून येतात. "बहिणीला पास करणाऱ्या बाई त्या तुम्हीच ना?" असं कोणी विचारलं की ती म्हणते, "मी नाही केलं. ती झाली."

पण एक गोष्ट तिला अजून स्वस्थ बसू देत नाही. तिनं मला विचारलं, काकांना विचारलं, फोन करून प्राध्यापिकाबाईंनाही विचारलं. बाई म्हणाल्या, हे तुमच्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. आणि मावशीला तर ते मुळीच सांगता येत नाही. ती म्हणते, त्या व्हॅनपासून खांबापर्यंत मला माझा पाय जाणवतच नव्हता. लोक शाबासकी देतात, ती मी घेते. पण खरं सांग, तो पाय मी आवरला होता, की तो भीतीनं नुसताच गोठला होता?