टाकीचं विरजण

आमच्या काकूला हार मानायला कुणी शिकवलंच नाही. साठीनंतर ती परदेशात मुलाकडे गेली, शहरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये राहिली आणि एक दिवस काकांना म्हणाली, "अहो, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांसोबत छताकडे बघत उभं राहायचा कंटाळा आला." काकांनाही तेच हवं होतं. दोघांनी खेड्यात एक बसकं घर घेतलं. मी त्याच शहरात नोकरीला, त्यामुळे सुट्टीला माझा मुक्काम तिकडे.

त्या घराला नगरपालिकेचा नळ नव्हता आणि गटारही नव्हतं. पाणी अंगणातल्या विहिरीचं, पंपाने चढवलेलं. संडास-मोरीचं सगळं घरामागे पुरलेल्या टाकीत. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडे. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा काकू अंगाला साबण लावून उभी होती. तेव्हापासून मोरीत भरलेल्या बादल्या कायमच्या. "विहीर आपली, टाकी आपली. बोंब मारायची तर आरशासमोर," असं म्हणत ती पंपाची जाळीसुद्धा स्वतःच धुवायची.

नडली ती तिची स्वच्छता. रोज सकाळी जंतुनाशकाची बाटली घेऊन निघायची आणि संडासात, मोरीत, बेसिनमध्ये घळाघळा ओतायची. कुंपणापलीकडचा दाढीवाला शेळ्या पाळायचा. त्याच्या अंगणातल्या लेंड्या दिसल्या की आमच्याकडे दोन झाकणं जास्त. "हा माणूस कधी केरसुणी हातात घेतो की नाही?" असं मराठीत पुटपुटून ती त्याच्याकडे बघून मान हलवायची. शेजारधर्म तेवढाच.

दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, हे घर पहिल्यापासून पसंत नव्हतं. "अर्ध्या रात्री बाबांना काही झालं तर तिथे तुमचं आहे कोण?" हा त्याचा एकच प्रश्न. काकांचं हृदयाचं दुखणं होतं, त्यामुळे त्याचं चुकत होतं असंही म्हणवत नव्हतं. शेवटी त्याने आपल्याच इमारतीत त्यांच्यासाठी जागा बघितली आणि कळवलं, रविवारी किल्ली घेऊन येतो, सामान बांधून ठेवा. खेड्यात आल्यापासून काका शीळ घालत चहा करायचे. त्या आठवड्यात शीळ बंद पडली. मला फार वाईट वाटलं आणि दादाचा रागही आला.

त्यात शनिवारी संडास तुंबला. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो.

टाकी उपसणारी बाई तिचा टँकर घेऊन आली. तिचं नि काकूचं बोलणं मीच मधे उभी राहून एकमेकींना सांगत होते. तिने झाकण उचललं, वाकून हुंगलं आणि म्हणाली, "हिला दवाखान्याचा वास येतोय."

"रोज औषध ओतते मी," काकू अभिमानाने म्हणाली.

"मग त्यानेच. मळ खाणारे जंतू मेले, मळ साचला. आता उपसून देते, पण असंच चालू ठेवलंत तर पुन्हा तुंबणार."

काकूने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, म्हणजे मी विरजणावर रोज उकळतं पाणी ओतत होते." आणि तो हात खाली यायच्या आत तिचं पुढचं ठरलंही होतं. "नवं विरजण घातलं तर लवकर लागेल का? इथे कुणाची टाकी चांगली चालते?"

बाई हसली आणि तिने कुंपणाकडे बोट केलं.

"काकू, शेजाऱ्याकडे साखर मागतात," मी म्हटलं. "हे काय मागायचं?"

"विरजण मागायला लाज कसली? तू झाकणापाशी उभी राहा." बाह्या सरसावून, रिकामी बादली घेऊन ती निघालीसुद्धा. तिची तिथली भाषा बाजारापुरतीच, बाकीचं हातवाऱ्यांवर. दाढीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग त्याने स्वतः आपल्या टाकीचं झाकण उघडलं, बादली भरली, काकूला हातही लावू न देता आणली आणि आमच्या उपसलेल्या टाकीत ओतली. साबणाने दोनदा हात धुवून झाल्यावर काकांनी त्याला चहा दिला. काकूने बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून बाईच्या टँकरवर चढवल्या.

रविवारी दादा आला. पाणी येत होतं, संडासातलं पाणी नीट जात होतं, सामान मात्र बांधलेलं नव्हतं. जेवताना त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि तोच प्रश्न विचारला. इथे तुमचं आहे कोण?

काकूने त्याला आमटी वाढली. "तुझ्या इमारतीत मी एकदा वाटीभर साखर मागितली होती. बाईने साखळी न काढता दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. काल मी शेजाऱ्याकडे त्याच्या संडासाच्या टाकीतली बादलीभर घाण मागितली. त्याने ती स्वतःच्या हाताने भरून आणून दिली. तो माणूस अर्ध्या रात्री उठणार नाही असं वाटतं तुला?"

जेवण संपवून, हात धुवून दादा कुंपणाशी गेला आणि दाढीवाल्याचा फोन नंबर घेऊन आला. निघताना त्याने किल्ली उचलून परत खिशात टाकली. स्वयंपाकघरात काका त्याच्यासाठी चहा टाकत होते, शीळ घालत.