कॅरिअर नसलेली सायकल

गाव सोडलं त्या दिवशी माझी बॅग बाबांच्या काळ्या सायकलच्या कॅरिअरवर होती. फुटक्या ट्यूबची कापलेली पट्टी तिच्यावरून फिरवून त्यांनी अशी आवळली होती की बॅगेला गाव सोडायचं नव्हतं असं वाटावं. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. जगातली कुठलीही वस्तू कॅरिअरवर बसते, फक्त नीट बांधता आली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. पेडण्याजवळच्या आमच्या तिठ्यावर म्हापशाची बस दिसली, तशी त्यांनी पट्टी सोडली, गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाले, "चवथीक पावणे येतत. तू डोंगराक यो."

चवथ म्हणजे आमची गणेश चतुर्थी. मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, वेली, पानं बांधतात, ती माटोळी. आमच्या भावकीचा गणपती एक, पण माटोळीची कामं वाटलेली. नारळ-सुपारी मोठ्या काकांकडे, केळी-चिबूड धाकट्यांकडे, आणि रानातलं, म्हणजे डोंगर चढून आणायचं ते सगळं बाबांकडे. लालभडक कवंडळं, बारीक पिवळ्या घोसांची कांगणं, हलवल्या की वाजणाऱ्या शेंगांच्या घागऱ्या. हे सगळं म्हापशाच्या बाजारात चवथीआधी जुड्या बांधून मिळतं. आमच्या माटोळीला बाजारातली वेल कधी लागलेली नव्हती. याचा अभिमान बाबा बोलून दाखवत नसत, म्हणून तो फार मोठा होता.

पुण्यात नोकरी लागल्यापासून मी दरवर्षी चवथीलाच गेलो. आदल्या संध्याकाळी पोचायचो, तेव्हा माटोळी टांगून झालेली असायची. मी मान वर करून "वा" म्हणायचो, बाकरवडीचे पुडे वाटायचो आणि आरतीत चुकीच्या जागी टाळी वाजवायचो. पाहुण्याची सगळी लक्षणं माझ्यात दिसत होती. माझ्याखेरीज सगळ्यांना.

यंदा बाबांचा फोन आला. "गुडघो आयकणा नाय. यंदा डोंगर तुझ्यार."

मागून आई म्हणाली, "नाय जमला तर म्हापशासून हाडूया."

यावर बाबांची काठी जमिनीवर आपटली. ती मला पुण्यापर्यंत नीट ऐकू आली. "येतो," मी म्हणालो.

आणि मग शिकलेला माणूस अंगावर काम पडल्यावर जे करतो तेच मी केलं. कामाऐवजी त्याच्या साहित्याचा अभ्यास सुरू केला. मोपाच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून आमच्याकडचा मोठा रस्ता गुळगुळीत आहे. तिथून डोंगराची वाट मात्र अजून लाल, चिऱ्याच्या खडीची. म्हणजे दोन्हीकडे चालेल अशी सायकल हवी. नुसती रस्त्याची घेतली तर तिचे बारीक टायर खडीत रुततात, जाड टायरची डोंगरी घेतली तर डांबरावर ती म्हशीसारखी चालते. मधली जात असते, तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ज्या वाटेवर लहानपणी माझ्या चपला तुटत, तिला जगात एवढं नाव आहे हे मला पुण्यात कळलं.

मी टायरच्या रुंदीवर वाचलं. स्टीलची फ्रेम हादरे खाते की ॲल्युमिनियमची, यावर परक्या देशांतल्या अनोळखी माणसांची भांडणं वाचली. एरवी मी सत्कार समारंभातल्या शालींना हसतो, पण रविवारी पहाटे सायकल चालवणाऱ्या मंडळींनी "तुझा सेटअप काय ठरला?" असं विचारलं की माझी छाती फुगायची. दुकानदाराने शेवटी एकच कामाचा प्रश्न केला. "सर, कॅरिअर बसवायला भोकं असलेली फ्रेम देऊ का?"

"मला काय पोदेरासारखे पाव विकायचेत?" मी म्हणालो. पोदेर कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी टोपली बांधून, भोंगा वाजवत गावात पाव आणणारा तो. दुकानदार तरी हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं.

चवथीच्या दोन दिवस आधी, आयुष्यात पहिल्यांदा, मी डोंगरासाठी गावी पोचलो. बसच्या पोटातून सायकल काढून अंगणात उभी केली. चुलतभाऊ दिलीपने ती एका हाताने उचलली. "भावा, हिच्यात सामान भरूचा रवला काय?" बाबा काठी टेकत आले आणि सोयरीक बघायला आल्यासारखे तिच्याभोवती फिरले. ब्रेक दाबून पाहिले. टायर चाचपला. मग मागच्या चाकापाशी थांबले.

"कॅरिअर खंय?"

"नसतं हिला."

"मगे बांधतलस खंय?"

मी पाठीवरची चिंचोळी बॅग दाखवली. तिच्यात पंप, पाण्याची नळी आणि फोन मावत होता. बाबा म्हणाले, "बरां."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. सायकल अप्रतिम चालली, हे सांगायलाच हवं. डांबरावर सुळसुळीत, खडीवर ठाम. कांगणं सापडली, घागऱ्या सापडल्या. बॅग तेवढ्यानेच भरली. मग कवंडळाची वेल दिसली. ती फळांसकट, न तोडता, लांबच्या लांब आणायची असते; सुटी फळं माटोळीला चालत नाहीत. मी ती अलगद उतरवली आणि ठेवायला जागा नाही म्हणून हँडलला गुंडाळली.

उतारावर वेल सुटून पुढच्या चाकात गेली. मी पडलो. फळं स्पोकांत चिरडली, लाल गर माझ्या गुडघ्यापर्यंत उडाला. उठलो तो आधी सायकलचा गिअर बघायला गेलो. त्यावर ओरखडा आहे का हे बोटाने तपासलं, आणि नाही म्हटल्यावर मला खरोखर बरं वाटलं. वेलीकडे माझं लक्ष त्यानंतर गेलं. तिथं कोणी नव्हतं. तरी माझे कान तापले, आणि आज हे लिहितानाही तापलेत.

घरी येऊन चिंध्या झालेली वेल पुढे केली. आई म्हणाली, "मेल्या, तुका लागला काय? रवांदी ती. दिलीप म्हापशाक जाताच आसा." बाबा पडवीच्या मागे गेले आणि काळी सायकल घेऊन आले. चढले नाहीत. काठी ठेवून दिली आणि तिच्या हँडलवर भार देत चालू लागले. मी मागोमाग गेलो. "मी एकटा जातो, बाबा," असं म्हणालो. पण सांभाळून आणीन असं म्हणायचं तोंड मला नव्हतं.

वर पोचायला फार वेळ लागला. बाबा सायकल धरून उभे राहिले, मी दुसरी वेल उतरवली. त्यांनी खिशातून ट्यूबची पट्टी काढली आणि वेल कॅरिअरवर, झोपलेलं मूल निजवावं तशी, ठेवून बांधली. एक फळ हललं नाही.

चवथीला बाबांचा गुडघा सुजला. इतकी वर्षं मांडी घालून पूजेला बसणारा माणूस खुर्चीवर बसला. धाकट्या काकीने वर बघून विचारलं, "यंदा कवंडळां बरी गावली. कोणी हाडल्यान?"

"झिलान," बाबा म्हणाले. "पुण्यासून येवन."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी माटोळीकडे पाहिलं, कारण खुर्चीकडे बघवत नव्हतं.

परत निघालो तेव्हा ते तिठ्यापर्यंत येऊ शकले नाहीत. पडवीतूनच म्हणाले, "चवथीक यो हां." आई, दिलीप, कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. बोलावणं प्रेमाचंच होतं. पण डोंगराचं नाव त्यात नव्हतं.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, घर म्हणजे काय असं विचारलं तर पूर्वी मी लाल माती, उकड्या तांदळाची पेज वगैरे सांगत असे. लोकांना ते आवडतं. आता वाटतं, जिथं माटोळीतलं एक काम आपल्या नावावर असतं, ते घर. माझ्या नावावरचं काम बाबांनी परत घेतलं, तेही मला लागू नये अशा बेताने.

पुण्यात आल्यावर त्याच दुकानात गेलो. भोकं नसलेल्या फ्रेमला पट्ट्या आवळून कॅरिअर बसतं. छान दिसणार नाही, असं दुकानदार म्हणाला. नाहीच दिसत. रविवारची मंडळी हसली. मागे रिकामं कॅरिअर खडीवर खडखडतं, आणि पुढची चवथ अजून लांब आहे.