गोळीआधीचं नाव

आईच्या वृद्धाश्रमातली सिस्टर गोळी देण्याआधी रोज तिला नाव विचारते आणि कागदावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून बघते. मला आधी हसू यायचं. पण घरी असताना मी, घरातला सगळ्यात हुशार माणूस, आईला माझीच बीपीची गोळी देऊन बसलो होतो. ती चक्कर येऊन पडली. तेव्हापासून मी जरा कमी हसतो.

परवा सिस्टरने विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

"यमू."

कागदावर सुमती होतं. सिस्टरचा हात थांबला.

"अहो, माझीच आई आहे! द्या गोळी."

"काका, तुमच्या शब्दावर नाही देत मी. यमू कोण?"

यमू हे आईचं माहेरचं नाव, मी सांगितलं. लग्नात बाबांनी तांदळात अंगठीने 'सुमती' लिहिलं आणि यमू तिथेच पुसली गेली. नंतर आईला तिचं नाव विचारायची गरज आम्हाला कुणालाच पडली नाही. घरच्या माणसाला कोण विचारतं?

सिस्टरने फोटो पाहिला, मनगटावरची पट्टी वाचली आणि सुमतीच्या शेजारी 'यमू' असंही लिहून घेतलं.

"यमूताई, आ करा बरं."

आई इतकी खुलली की मी बघतच राहिलो. मी पाण्याचा पेला पुढे केला, तशी ती मागे सरकली. पदर सावरत तिने सिस्टरला हळूच विचारलं, "हे कोण गं?"

मी पेला सिस्टरच्या हातात दिला. यमूचं अजून लग्न व्हायचं होतं.